घरचा चुना

रंगाऱ्याने आमच्या हॉलच्या भिंतीकडे पाहून जो उसासा टाकला, त्या एका उसाशाची किंमत ४२ हजार रुपये निघाली.

डॉक्टर छातीवर टकटक करतात तशी त्याने भिंतीवर तीन ठिकाणी टकटक केली. तिसऱ्या टकटकीला बशीएवढा एक पोपडा आपण होऊन खाली आला. रंगाऱ्याने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, भिंत पाक गेलीया. खालनं लोणा वर चढलाय. पार खरवडाय लागंल, वॉटरप्रूफिंग, दोन हात पुट्टी, प्रायमर, मग कलर. बेचाळीस हुतील."

"मटेरियल धरून?" मी विचारलं.

यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे. बिनव्याजी कर्ज मिळेल का असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी काउंटरच्या आतून तशाच नजरेने पाहतो.

मी बँकेत क्लार्क आहे आणि बी.कॉम. आहे. बी.कॉम. माणसाला कोणताही आकडा ऐकला की त्याचे दोन भाग केल्याशिवाय झोप लागत नाही. त्या रात्री मी ४२ हजारांचे भाग पाडले तेव्हा असं दिसलं, की त्यातला निम्म्याहून मोठा भाग मजुरीचा आहे. आणि मजूर तर आमच्या घरात दोन होते. एक सोफ्यावर आडवा पडला होता आणि दुसरी सोफ्याखाली काहीतरी शोधत होती. ९० दिवस हप्ता आला नाही, की बँकेत त्या कर्जखात्याला अनुत्पादक म्हणतात. आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे आहेत.

आता भिंतीची अशी दशा का झाली, हे सांगलीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. सगळा देश मीटर-लिटरवर गेला तरी सांगली-कोल्हापूरकडे नदीचं पाणी अजून फुटांतच मोजतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट झाले की इशारा आणि ४५ झाले की धोका. पावसाळ्यात आमच्याकडे दोन माणसं रस्त्यात भेटली तर "काय, बरंय का?" असं विचारत नाहीत. "किती झालं?" असं विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर झालं. २००५ साली पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन, बाहेरच्या चपला बघून परत गेलं होतं. २०१९ ला ते सरळ आत आलं. आम्ही गहू-तांदळाचे डबे टेबलावर रचून मिरजेला हिच्या भावाकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा टेबल स्वयंपाकघरातून निघून हॉलमध्ये येऊन बसलं होतं, आणि डबे शेजाऱ्यांच्या अंगणात पोचले होते.

चारही भिंतींवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, एक तपकिरी रेघ उमटली होती. इतकी सरळ, की रंगाऱ्याला दोरी धरूनही मारता आली नसती. रेघेच्या खालचं काही आमचं वाटत नव्हतं. ही पदर खोचून चिखलात उतरली आणि अकरा दिवस फावड्याने चिखल काढत होती. त्या अकरा दिवसांविषयी ती अजूनही फारसं बोलत नाही. ज्या बाईला भाजीवाल्याने दिलेल्या किडक्या वांग्याविषयी अर्धा तास बोलता येतं, ती ज्या गोष्टीवर गप्प बसते, तिचं वजन मला कळतं.

आमचे वडील, म्हणजे आप्पा, तेव्हा होते. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून रिटायर झालेले. उभा जन्म पाण्याच्या पातळ्या रजिस्टरात लिहिण्यात गेला. घरातली सगळी माणसं डोळे पुसत असताना आप्पांनी शांतपणे विचारलं, "टेप कुठे आहे?" मग त्यांनी जमिनीपासून रेघेपर्यंत माप घेतलं आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर, रेघेच्या बरोबर वर, पेन्सिलीने लिहिलं: 'ऑगस्ट २०१९. पाणी ४ फू. ६ इं.' खाली सही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा दोन फुटांवरच थांबलं. आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, खाली वाकले आणि तीही नोंद त्यांनी केली. सहीसकट. २०२२ साली आप्पा गेले.

रंगाचं काम इतकी वर्षं का राहिलं, असं तुम्ही विचाराल. पहिल्या वर्षी भिंती वाळायच्या होत्या. २०२० मध्ये रंगारी घराबाहेर पडू शकत नव्हता आणि आम्ही घरात कोणाला घेऊ शकत नव्हतो. २०२१ ला पुन्हा पाणी. २०२२ ला आप्पांचं वर्ष. २०२३ ला काही अडचण नव्हती, फक्त पैसे नव्हते. अशा रीतीने २०२४ ची दिवाळी आली, हिने "या वर्षी भिंती नाही झाल्या तर मी लक्ष्मीपूजन मिरजेला करीन" असं जाहीर केलं, आणि रंगाऱ्याने तो उसासा टाकला.

आमच्या लहानपणी घराला रंग नव्हे, चुना असे. दसऱ्याच्या आधी आप्पा चुनकळी आणायचे, परसात पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात ते दगड सोडायचे, आणि डबा खदखदा उकळायला लागायचा. विस्तव नाही, काही नाही, आणि पाणी उकळतंय! दुसऱ्या दिवशी तो चुना जुन्या धोतरातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ टाकायची, आणि काथ्याच्या कुंच्याने भिंतीला हात मारायचे. आम्हा भावंडांना बादली धरायचं काम असे. आमची संमती कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मोबदला विचारण्याची कल्पना तर त्या काळी मुलांच्या डोक्यात उगवलेलीच नव्हती.

आप्पांचं चुन्याविषयी एक ठाम मत होतं. ते म्हणायचे, ओलीच्या भिंतीला जाड रंग फासणं म्हणजे घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालणं. ओल आत कोंडते आणि रंगाला फोड येतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. पुढे मी बऱ्याच जाणकारांना विचारलं, तेही हेच म्हणाले, फक्त त्यांनी त्याचे पैसे घेतले. तेव्हा ठरलं. हॉलला चुना, आणि मजूर घरचे.

मुलांकडून घरकाम करून घेण्यातली मुख्य अडचण निसर्गाने करून ठेवली आहे. चौथ्या वर्षी मुलाला घरातलं प्रत्येक काम करायचं असतं आणि एकही येत नसतं. पंधराव्या वर्षी प्रत्येक येत असतं आणि एकही करायचं नसतं. मधे कधीतरी एक पंधरवडा असा असणार, की काम येतंही आहे आणि करावंसंही वाटतं आहे. तो आमच्या घरात बहुधा बँकेचं ऑडिट चालू असताना येऊन गेला.

चौथ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी असताना, मी युक्तीने सुरुवात करायचं ठरवलं. युक्ती माझी नव्हे, मार्क ट्वेनची. त्याने १८७६ सालीच ती छापून ठेवली आहे. टॉम सॉयर नावाच्या पोराला मावशी कुंपण रंगवायला लावते, आणि तो त्यात अशी काही मजा येत असल्यासारखं दाखवतो, की गल्लीतली पोरं रांग लावून त्याच्याकडून कुंचा मागून घेतात. तेव्हा मी पत्री घेऊन हॉलमध्ये उभा राहिलो आणि नाट्यगीत गुणगुणत भिंत खरवडू लागलो. मधूनमधून "वा!" म्हणत होतो. दहा मिनिटांनी चिमी आली. चिमी सहावीत आहे. हाताची घडी घालून तिने थोडा वेळ पाहिलं.

"बाबा, तू टॉम सॉयर करतोयस ना?"

"कोण टॉम सॉयर?"

"मी वाचलंय. पण त्यात तो पोरांकडून वस्तू घेतो. सफरचंद, पतंग वगैरे. मी तुला काही देणार नाही. तू काय देणार ते सांग."

अशा रीतीने मार्क ट्वेन पहिल्या दहा मिनिटांतच कामाला न येता परत गेला आणि वाटाघाटी सुरू झाल्या. आवाज ऐकून चिरंजीवही सोफ्यावरून उठले. पैशाची भाषा त्यांना झोपेतही ऐकू येते. फोनवर बोट फिरवून त्यांनी जाहीर केलं, की रंगकामाची मजुरी चौरस फुटावर असते. हॉल बारा बाय चौदा, उंची दहा, म्हणजे भिंती ५२० चौरस फूट, दर चार रुपये.

"दारं-खिडक्या वजा कर," मी म्हटलं.

"रंगारी करत नाहीत."

"तू रंगारी नाहीस."

"मग मी सोफ्यावर जातो."

एकवीस वर्षं काउंटरवर बसलो, पण इतक्या थंडपणे बोलणारा कर्जदार मला भेटला नाही. शेवटी दारं-खिडक्या न वजा करता तीन रुपयांवर सौदा तुटला. १,५६० रुपये. चिमीने रोजंदारी पसंत केली, दिवसाला शंभर आणि संध्याकाळी भडंग. भडंगाचा आग्रह तिने धरला आणि फायदा चौघांचा झाला. मी हे सगळं एका पे-इन स्लिपच्या मागे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. "टीडीएस कापणार का?" असं चिरंजीवांनी विचारलं. मुलांना वाणिज्य शाखेच्या घरात वाढवू नये.

त्याच सकाळी मी चुनकळी आणली. हल्ली तयार चुन्याची पूड पिशवीत मिळते, पण मला ते खदखदणं हवं होतं. दुकानदाराने आधी "पानाला पाहिजे का?" असं विचारलं, आणि मी पाच किलो म्हटल्यावर तो माझ्या दातांकडे बघत राहिला. परसात आप्पांचाच जुना तेलाचा पत्र्याचा डबा काढला. प्लास्टिकची बादली या कामाला चालत नाही, बसते. मुलांना मी लांब पायरीवर उभं केलं, कारण हा चुना डोळ्यात उडाला तर डोळा जातो, आणि लांब काठीने एकेक दगड पाण्यात सोडला. प्रथम काहीच झालं नाही. मग एक दगड फुटल्यासारखा आवाज आला, वाफ निघाली, आणि डबा बोलायला लागला.

"बाबा, हे एक्झोथर्मिक आहे!" चिरंजीव पायरीवरून ओरडले.

गेल्या दोन वर्षांत मी केलेल्या कोणत्याही गोष्टीकडे पाहून हा मुलगा ओरडला नव्हता. कॅल्शियम ऑक्साइड अधिक पाणी, त्यांनी सांगितलं. बोर्डाच्या परीक्षेला हे हमखास येतं. आणि भिंतीला लावल्यावर तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं. म्हणजे चुनखडी. म्हणजे दगड. "म्हणजे बाबा, आपण दगड पातळ करून भिंतीला लावतोय आणि तो परत दगड होणारे!" हे त्याला पुस्तकात वाचून माहीत होतं आणि मला कुंचा धरून माहीत होतं, आणि हे दोघांचं माहीत असणं एकाच डब्यावर प्रथमच भेटत होतं. त्याने धावत जाऊन आतून ताप मोजायचं थर्मामीटर आणलं. ते त्याच्या हातातून हिने कसं काढून घेतलं, तो भाग मी गाळतो.

डोळ्यांना जपायचं म्हणून उन्हाळ्यातल्या पोहण्याच्या क्लासचे गॉगल निघाले. अंगात जुने लांब बाह्यांचे गणवेश, हाताला खोबरेल तेल, डोक्याला पंचे आणि डोळ्यांवर निळे गॉगल, अशा थाटात आम्ही तिघं हॉलमध्ये उभे असताना शेजारचे काका पेपर मागायला दारात आले. ते थबकले. आमच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाले, "काय हो, परत सोडलं की काय कोयनेतनं?"

खरवडणं हे काम वर्णन करण्यासारखं नाही, पण त्यात इतिहास फार निघतो. वर २०१७ चा मोतिया डिस्टेंपर. त्याखाली आमच्या लग्नाच्या वेळचा, २००६ चा, पिस्ता. हा रंग कोणी निवडला यावर आमच्यात अठरा वर्षं मतभेद आहेत. त्याखाली फिक्कट निळा चुना, आप्पांच्या हातचा. रेघेच्या खाली मात्र काही थर वगैरे उरले नव्हते, बोट लावलं की सगळं एकदम गिलाव्यापर्यंत येत होतं, आणि वर मिठासारखी पांढरी बुरशी. मी ओलं फडकं घेतलं तर चिरंजीवांनी हात धरला. "पुसू नकोस. हे क्षार आहेत, पाण्यात विरघळून परत आत जातील. कोरड्या ब्रशने झाड." मी कोरडा ब्रश घेतला. त्याचे दर चौरस फुटाला तीन रुपये मला तेव्हा प्रथम रास्त वाटले.

चिमीची कामाची पद्धत वेगळी होती. तिने एका भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा राहील अशा बेताने खरवडायला घेतलं. विदर्भ पटकन उरकला. कोकण किनारपट्टी फारच नागमोडी असल्यामुळे तिथे तिचे दोन तास गेले. "अगं, शेवटी हे सगळंच काढायचंय," मी म्हटलं, तर म्हणाली, "माहितीये. पण शंभर रुपये दिवसाचे आहेत, फुटाचे नाहीत." रोजंदारीचं अर्थशास्त्र मी तीन वर्षं कॉलेजात शिकलो. इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारपर्यंत हॉलमध्ये धुरळ्याने समोरचं दिसेनासं झालं. मी पाणी प्यायला आत गेलो होतो. परत आलो तर धुरळ्यात घोड्यावर आप्पा उभे होते. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, किंचित वाकलेली पाठ, भिंतीकडे तोंड. मी चटकन हातातली सिगारेट पाठीमागे लपवली. मी सिगारेट ओढत नाही. कॉलेज सुटल्यापासून ओढलेली नाही. पण हात गेला. चिरंजीवांनी वळून पाहिलं. "काय झालं?" "काही नाही," मी म्हटलं. "खाली उतर आणि केस झटक."

रविवारी सकाळी तीन भिंती संपल्या आणि देव्हाऱ्याची भिंत आली. आप्पांची पेन्सील होती ती.

ही चहा घेऊन आली. कप ठेवला आणि म्हणाली, "अहो, ते आधी काढा."

कोणी हललं नाही. मी चहाकडे पाहिलं. चहा हे अशा वेळी पाहण्यासारखं फार सोयीचं ठिकाण आहे.

"आजोबांनी लिहिलंय ते," चिमी म्हणाली.

"मला माहितीये कोणी लिहिलंय. रोज सकाळी दिवा लावताना ते डोळ्यांसमोर असतं माझ्या. तुम्हाला ती नोंद दिसते. मला चिखल दिसतो. वास येतो मला अजून." आणि मग जरा थांबून, "माझ्या लग्नातला अल्बम त्या रेघेखाली होता."

हे तिने पाच वर्षांत प्रथमच म्हटलं. अल्बम गेला हे आम्हाला ठाऊक होतं, पण गेलेल्या वस्तूंच्या यादीत तो फ्रिज आणि शिलाई मशीन यांच्यानंतर कुठेतरी, किंमत शून्य, असा होता. ती यादी मीच केली होती, भरपाईच्या अर्जासाठी. अर्जात अल्बमला रकाना नव्हता.

चिमी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा टेकवल्या, मान सरळ केली. "दादा, बघ ना कुठे येते." चिरंजीवांनी पत्री आडवी करून तिच्या डोक्यावर ठेवली, टेप लावला. चार फूट आठ इंच. रेघ चार फूट सहा.

"म्हणजे मी दोन इंच वर आहे," ती म्हणाली. "तेव्हा मी किती होते?"

तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंचीचा रकाना असतो, आणि असल्या गोष्टी आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात कशा राहतात देव जाणे. "तीन फूट नऊ," तो म्हणाला. मग टेप तिथपर्यंत खाली आणून बोट ठेवलं. बोट आणि रेघ यांच्यामधलं अंतर आम्ही चौघांनी पाहिलं. ते नऊ इंच होतं. कोणी काही बोललं नाही. ही पुढे आली आणि तिने चिमीच्या केसांतला धुरळा झटकायला सुरुवात केली. तो जायला हवा होता त्यापेक्षा बराच वेळ ती झटकत राहिली.

मग ती आत गेली, आणि मुलांच्या दप्तरातली चिकटपट्टी घेऊन आली. आप्पांच्या वरच्या नोंदीभोवती तिने स्वतः चौकोन केला. खालच्या नोंदीभोवतीही केला. "एवढं राहू दे," ती म्हणाली. "बाकीची रेघ मला कुठेही दिसता कामा नये. एक इंचसुद्धा. आणि चहा गार होतोय." बँकेत आम्ही याला तडजोडीची एकरकमी परतफेड म्हणतो. त्यात कर्जदार आणि बँक दोघेही थोडे नाराज असतात आणि खातं मात्र बंद होतं.

दुपारी पहिला हात. आता चुन्याची एक गंमत, जी मला ठाऊक होती आणि बाकी कोणाला नव्हती. चुना ओला असताना दिसतच नाही. पाण्यासारखा पारदर्शक असतो. वाळता वाळता पांढरा होत जातो. चिरंजीवांनी आणि मी तीन तास कुंचे मारले, चिमीने पायापासून तीन फुटांपर्यंतचा सगळा प्रदेश सांभाळला, आणि काम झाल्यावर ही पाहायला आली.

"झालं?"

"झालं."

"काय झालं? भिंत तर होती तशीच आहे! आणि ती रेघ?"

खरंच, ओल्या चुन्यातून रेघ अगदी लख्ख दिसत होती. गिलाव्यात मुरलेला डाग, भिजल्यामुळे उलट जास्तच गडद झालेला. मी "थांब" म्हटलं. ती थांबली नाही, पण दर वीस मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून हॉलमधून जात राहिली. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला वरच्या कोपऱ्यापासून भिंत पांढरी व्हायला लागली. आम्ही चौघं भडंगाची पातेली मधे घेऊन जमिनीवर बसलो आणि टीव्ही पाहावा तशी भिंत पाहिली. रेघ आधी फिक्कट झाली, मग तुटक तुटक झाली. मग नव्हती.

वसुबारसेला दुसरा हात मारला, तर रेघ परत. तीच, तिथेच. वाळली की गेली. धनत्रयोदशीला तिसरा, पुन्हा तेच, पण आता फार अंधुक. त्या दोन दिवसांच्या किरकोळ रजेसाठी मी अर्जात 'घरगुती कारण' असं लिहिलं होतं. मॅनेजरसाहेबांनी फोन करून चौकशी केली, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "चुना लावतोय, साहेब." पलीकडे काही क्षण शांतता होती. बँकेत या शब्दांना एकच अर्थ आहे.

तिसरा हात वाळल्यावर ही चारही भिंतींवरून, डोळे बारीक करून, साडेचार फुटांच्या उंचीने एक चक्कर मारून आली. काही म्हणाली नाही. देव्हाऱ्यापाशी थांबून तिने चिकटपट्ट्या सोडवल्या. पांढऱ्याशुभ्र भिंतीत दोन जुनाट मोतिया चौकोन, आप्पांच्या अक्षरासकट, आणि वरच्या चौकोनाच्या तळाशी रेघेचा वीतभर तुकडा.

हिशेब झाला. चुनकळी, डिंक, नीळ, दोन कुंचे, पत्र्या, मास्क आणि भडंग धरून, मजुरीसह, ४,१०० रुपयांच्या आत. चिरंजीवांचे १,५६० मी यूपीआयने टाकले. ते फोनवर वाजल्याबरोबर त्यांनी पावती मागितली का विचारलं. त्यातले पाचशे त्यांनी चिमीला दिले, कारण, ते म्हणाले, पायापासून तीन फूट तिने केलं, ते त्याच्या चौरस फुटांत धरलं गेलं होतं आणि असं बरोबर नाही. हे त्याला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. मी तर नाही. मी ते चौरस फूट मोजलेही नव्हते.

रात्री मी खुर्च्या लावत असताना चिमी पेन्सील घेऊन देव्हाऱ्यापाशी बसलेली दिसली. दोन चौकोनांच्या मधे, नव्या चुन्यावर, तिने आजोबांसारखंच तिरकं अक्षर काढायचा प्रयत्न केला होता: 'ऑक्टोबर २०२४. चिमी ४ फू. ८ इं.' खाली सही. आणि सहीच्या बाजूला, लहान अक्षरात, चिरंजीवांनी 'तपासले' असं लिहून आद्याक्षर केलं होतं.

मी हिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकून वाचलं, बोटाने अंदाजाने उंची मोजली.

"हे दोन फुटांच्या जरा वरती लिहिलंय," ती म्हणाली. "चार आठ लिहायचं तर चार आठवर लिहावं. उद्या कोणी वाचलं तर घोटाळा होईल." मग चिमीच्या हातातून पेन्सील घेऊन तिने तिला भिंतीला उभं केलं. "टाचा टेकव. टेप आण रे. आणि अहो, तुम्ही तिथे उभे राहू नका, लादी पुसायचीय अजून सगळी."